वाचकांचे प्रश्न : ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे विज्ञानकथेच्या आरंभकाळातील दोन लेखकांविषयीची आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी ते एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून या अंकातील सदराची सर्व जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : ज्यूल व्हर्न हा वैज्ञानिक वस्तुस्थितीला धरून लिहिणारा आणि एच. जी. वेल्स हा निव्वळ कल्पनेवर उभा राहणारा लेखक, अशी विभागणी आम्हाला वर्गात शिकवली जाते. व्हर्नने स्वतःच वेल्सवर तशी टीका केली होती, असेही वाचनात आले. ही विभागणी कितपत खरी मानावी? दोघांच्या लेखनात समान असे काही सूत्र आहे का?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपण उल्लेख केलेली टीका १९०३ साली व्हर्नने एका पत्रकाराला दिलेल्या मुलाखतीतील आहे. व्हर्न तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचा होता आणि उत्तर फ्रान्समधील आमियें या शहरात राहत होता. वेल्सने चाळिशीही गाठलेली नव्हती. व्हर्नचे म्हणणे थोडक्यात असे होते की, मी भौतिकशास्त्राचा उपयोग करतो आणि वेल्स गोष्टी मनाने रचतो. मी तोफेतून उडवलेल्या गोळ्यात बसून चंद्राकडे जातो, आणि तो गुरुत्वाकर्षण नाहीसे करणाऱ्या धातूचे यान बांधतो. हे सारे फार सुंदर आहे, पण तो धातू मला दाखवा. वेल्सनेही पुढे, १९३३ साली आपल्या विज्ञानकथांच्या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत, त्या थोर फ्रेंच लेखकाशी आपले वाङ्मयीन साम्य मुळीच नाही, असे स्पष्ट सांगितले. व्हर्नचा विषय प्रत्यक्षात येऊ शकतील असे शोध हा आहे आणि आपल्या कथांचा तसा दावा नाही, असे त्याचे म्हणणे होते. वादी आणि प्रतिवादी दोघांनीही एकच निवाडा मान्य केल्यामुळे अभ्यासकांना तो पुन्हा तपासण्याची फारशी गरज वाटली नसावी. तो तपासला पाहिजे, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी दोघांच्या चंद्रकथा शेजारी ठेवून वाचणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे.

व्हर्नची 'पृथ्वीपासून चंद्रापर्यंत' ही कादंबरी १८६५ सालची, आणि तिचा उत्तरार्ध 'चंद्राभोवती' हा १८६९-७० मधला. बाल्टिमोर शहरातील तोफखाना-तज्ज्ञांचे एक मंडळ जमिनीत ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर लांबीची तोफ ओतते आणि ॲल्युमिनियमचा पोकळ गोळा चंद्राकडे उडवते. गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर धरलेला आहे, आणि पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यासाठी खरोखरच तितक्याच वेगाची गरज असते. चंद्र डोक्यावर येईल अशी जागा विषुववृत्तापासून २८ अंशांच्या आत असली पाहिजे, असा हिशेब करून फ्लोरिडाची निवड होते. गोळ्यात तीन प्रवासी बसतात, चंद्रावर न उतरता त्याला वळसा घालतात आणि परत येऊन प्रशांत महासागरात पडतात. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ हे यान फ्लोरिडातूनच तीन माणसे घेऊन निघाले, चंद्राभोवती फिरले, आणि प्रशांत महासागरात उतरले. हे साम्य पाहून कोणालाही नवल वाटेल आणि ते वाटावेच.

तरीही 'इथे मी काहीच मनाने रचलेले नाही' हा व्हर्नचा त्याच मुलाखतीतील दावा टिकत नाही. पावणेतीनशे मीटरच्या नळीत शून्यापासून सेकंदाला ११ किलोमीटर वेग गाठायचा, तर प्रवाशांवर पडणारा भार त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक होतो. व्हर्नला ही अडचण अंधुकपणे जाणवली होती. म्हणून त्याने गोळ्याच्या तळाशी पाण्याचे थर आणि फुटणाऱ्या फळ्या बसवून धक्का शोषून घेण्याची सोय केली आहे. पण त्या सोयीने एकही प्रवासी जिवंत राहिला नसता. म्हणजे व्हर्नची तोफ हीसुद्धा 'दाखवा' म्हटल्यास दाखवता न येणारीच वस्तू आहे. फरक इतकाच की ती आकड्यांच्या इतक्या दाट वेष्टनात येते की वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो.

याच कादंबरीच्या उत्तरार्धातील एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. प्रवाशांबरोबरचा एक कुत्रा वाटेत मरतो आणि त्याचे शव खिडकीतून बाहेर टाकले जाते. काही वेळाने ते मागे न पडता गोळ्याच्या बरोबरीनेच प्रवास करताना दिसते. हे अगदी बिनचूक आहे, कारण दोघांवर सारखीच ओढ आहे आणि दोघांचा वेगही सारखाच आहे. पण हाच न्याय गोळ्याच्या आतील माणसांना लावला, तर तीही प्रवासभर तरंगत राहिली पाहिजेत. व्हर्न त्यांना मात्र जमिनीवर पाय रोवून जेवायला बसवतो आणि पृथ्वी व चंद्र यांची ओढ समान होते त्या एकाच बिंदूपाशी थोडा वेळ तरंगू देतो. बाहेरच्या कुत्र्याबाबत अचूक ठरलेला नियम आतल्या माणसांपर्यंत पोचलेलाच नाही.

आता वेल्सकडे वळू. 'द फर्स्ट मेन इन द मून' (१९०१) या कादंबरीतील केव्होराइट हा पदार्थ गुरुत्वाकर्षणाला अडवतो. तो अशक्य आहे हे वेल्सला ठाऊक होते. दक्षिण केन्सिंग्टनच्या विज्ञानशाळेत जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांच्या हाताखाली शिकलेला तो विद्यार्थी होता. परंतु ही एक अशक्य गोष्ट स्वीकारल्यानंतर तो तिचे परिणाम किती कसोशीने शोधतो, ते पाहण्यासारखे आहे. केव्होराइटचा पहिला पत्रा तयार होताच त्याच्या वरच्या हवेचे वजन नाहीसे होते, बाजूची जड हवा तिला वर ढकलून आत घुसते, तिचेही वजन जाते, आणि संशोधकाच्या घराचे छप्पर उडवून नेणारे वादळ उठते. पुढे काचेच्या गोलाला केव्होराइटचे पडदे बसवले जातात. जो पडदा उघडावा त्या बाजूच्या ग्रहगोलाची ओढ लागू होते आणि यानाला दिशा मिळते. सगळे पडदे मिटले की प्रवासी आणि त्यांचे सामान तरंगू लागते आणि हळूहळू गोलाच्या मध्याकडे गोळा होते. अंतराळप्रवासातील वजनरहित अवस्थेचे हे चित्र व्हर्नच्या चित्रापेक्षा सत्याच्या अधिक जवळ आहे. 'मनाने रचणारा' म्हणून ज्याला बाजूला काढले, त्याने या बाबतीत अधिक शिस्तीने विचार केला होता.

समान सूत्राविषयी आपण विचारता, तर याच दोन कादंबऱ्यांत ते ठळकपणे सापडते, आणि ते सूत्र युद्धाचे आहे. व्हर्नचे बाल्टिमोरचे मंडळ अमेरिकन यादवी युद्धात तोफा बनवणाऱ्या माणसांचे आहे. त्या मंडळात चार जणांत मिळून एक धड हात नाही आणि सहा जणांत मिळून दोनच पाय आहेत, असे व्हर्न सांगतो. युद्ध संपले, हाताला काम उरले नाही, म्हणून ही माणसे चंद्रावर नेम धरतात. वेल्सच्या कादंबरीचा शेवट याच्या उलट दिशेने त्याच जागी येतो. चंद्राच्या पोटात राहणाऱ्या प्राण्यांच्या अधिपतीसमोर केव्होर हा संशोधक मोठ्या भोळेपणाने पृथ्वीवरील युद्धांचे वर्णन करतो. तो अधिपती थक्क होऊन ऐकत राहतो, आणि त्यानंतर केव्होरचे पृथ्वीकडे येणारे संदेश तुटतात. एकाच्या चंद्रयात्रेची सुरुवात युद्धातून होते आणि दुसऱ्याच्या चंद्रयात्रेचा घात युद्धाच्या नुसत्या वर्णनाने होतो.

याला लागूनच दुसरे सूत्र येते. ज्ञानामुळे अमर्याद सामर्थ्य मिळालेला आणि जाब विचारणारे कोणीही नसलेला एकटा माणूस, हे दोघांचेही आवडते पात्र आहे. व्हर्नचे पाणबुडीचा कप्तान नेमो आणि विमान बांधणारा रोबूर, वेल्सचे प्राण्यांना माणसे करू पाहणारा डॉक्टर मोरो आणि अदृश्य होणारा ग्रिफिन ही त्याची उदाहरणे आहेत. नेमोने एक युद्धनौका पाणबुडीच्या धडकेने बुडवल्यानंतर पाणबुडीवर कैदेत असलेल्या प्राध्यापक आरोनाक्सला तो आपल्या खोलीत एका स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या चित्रासमोर गुडघे टेकून हुंदके देताना दिसतो. 'द इन्व्हिजिबल मॅन' (१८९७) मधल्या ग्रिफिनकडे असे कोणाचेही चित्र नाही. तो लंडनच्या जानेवारीत अदृश्य आहे, पण नग्न आणि उपाशी आहे, आणि चिखलाने भरलेल्या त्याच्या पायांचे उमटणारे ठसे पाहत रस्त्यावरची पोरे त्याच्या मागे लागतात. व्हर्न आपल्या एकाकी नायकाला दुःखाची प्रतिष्ठा देतो आणि वेल्स ती काढून घेतो, पण दोघेही जी भीती दाखवतात ती एकच आहे.

मला या दोघांतील खरा फरक विज्ञानापेक्षा पैशात दिसतो, आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. व्हर्न नांत शहरातील वकिलाचा मुलगा होता आणि काही काळ पॅरिसच्या शेअर बाजारात कामाला होता. त्याच्या नायकांना पैसा कधी कमी पडत नाही. तोफेसाठी देशोदेशींहून वर्गणी येते, आणि नेमो व्हिगोच्या उपसागरात बुडालेल्या जहाजांतून सोने काढतो. वेल्सचे वडील ब्रॉम्ली गावातील छोटे दुकानदार व व्यावसायिक क्रिकेटपटू होते, आई एका बड्या घरात घरव्यवस्थापिका होती, आणि त्याला स्वतःला कापडदुकानात उमेदवारी करावी लागली होती. त्याच्या चंद्रकथेचा निवेदक बेडफर्ड धंद्यात बुडालेला आहे, देणेकऱ्यांना चुकवत खेडेगावात येऊन राहिला आहे, आणि चंद्रावर गेल्यावरही त्याची नजर सोन्यावर आहे. 'द टाइम मशीन' (१८९५) मधील इ. स. ८,०२,७०१ मध्ये मानवजात दोन प्राण्यांत फाटलेली आहे, वर बागेत खेळणारे दुबळे एलॉय आणि जमिनीखाली यंत्रे चालवणारे मॉरलॉक. ही कल्पना नोकरांच्या तळघरातील खोल्या आतून पाहिलेल्या माणसालाच सुचू शकते. व्हर्नला वर्गभेद दिसत नव्हता असे नाही, पण त्याच्या कथेचा कणा त्यावर उभा राहत नाही.

प्रश्न : कॅप्टन नेमो हा भारतीय होता आणि व्हर्नच्या एका कादंबरीची सुरुवात आमच्या शहरात होते, असे ऐकले. हे खरे आहे का? साम्राज्यसत्तेविषयी व्हर्न आणि वेल्स यांची भूमिका काय होती?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र नेमो जन्मतः भारतीय नव्हता, तो पुढे भारतीय झाला. 'समुद्राखाली वीस हजार लीग' (१८६९-७०) लिहिताना व्हर्नच्या मनात रशियन सत्तेने ज्याचे कुटुंब मारले असा एक पोलिश सरदार होता. १८६३ चे पोलंडमधील बंड तेव्हा ताजे होते. प्रकाशक पिएर-ज्यूल एत्झेल यांना रशियातील खप गमावण्याची भीती वाटली आणि त्यांनी ते नाकारले. तडजोड म्हणून व्हर्नने नेमोचा देश सांगितलाच नाही. तरीही त्या कादंबरीत एक खूण राहून गेली आहे. सिलोनजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्याला नेमो शार्कपासून वाचवतो आणि त्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो. हा माणूस दडपलेल्या देशाचा रहिवासी आहे आणि शेवटच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा राहीन, अशा अर्थाचे उद्गार तो काढतो. 'रहस्यमय बेट' (१८७४-७५) या कादंबरीत अखेर उलगडा होतो. नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा राजपुत्र डक्कर. त्याला वयाच्या दहाव्या वर्षी शिक्षणासाठी युरोपात पाठवले होते, १८५७ च्या उठावात तो लढला आणि त्याचे सर्व कुटुंब त्यात गेले. व्हर्नने त्याला टिपू सुलतानाचा पुतण्याही केले आहे. बुंदेलखंड आणि म्हैसूर यांची अशी सोयरीक इतिहासाला धरून नाही, पण इंग्रजांशी लढलेली जी नावे फ्रेंच वाचकाला माहीत होती, ती व्हर्नने एकत्र आणली एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या शहरातून सुरू होणारी कादंबरी 'वाफेचे घर' ही आहे, आणि ती १८८० साली प्रसिद्ध झाली. ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी औरंगाबादेत एक जाहीरनामा लागलेला आहे आणि मुंबई इलाख्यात वावरणाऱ्या धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब यांना जिवंत वा मृत पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंडांचे बक्षीस जाहीर झाले आहे, हे त्या कादंबरीचे पहिले दृश्य आहे. पुढे वेरूळची लेणी येतात. मुख्य कथा मात्र उत्तर हिंदुस्थानात घडते. काही इंग्रज मंडळी पोलादी हत्तीच्या आकाराच्या वाफेच्या इंजिनाला चाकांवरची दोन घरे जोडून प्रवासाला निघतात. त्यांच्यातील कर्नल मन्रो याची पत्नी कानपूरच्या हत्याकांडात मेली असे तो समजतो आणि नानासाहेबांवर त्याला सूड घ्यायचा आहे. मराठी वाचकाला ही कादंबरी वाचणे सोपे जात नाही. जो लेखक पाच वर्षांपूर्वी १८५७ च्या एका बंडखोर राजपुत्राला आपला सर्वांत थोर नायक करतो, तोच इथे पेशव्यांच्या दत्तकपुत्राला कपटी आणि निर्दय खलपुरुष म्हणून उभे करतो. उठावाचा इतिहास सांगताना त्याने इंग्रजांच्या सूडाचाही उल्लेख केला आहे, हे नोंदवले पाहिजे. पण सहानुभूतीचा तराजू मन्रोकडे झुकलेला आहे, यात शंका नाही.

व्हर्न भारतात कधी आला नाही, त्याने तो पुस्तकांतून आणि नकाशांतून पाहिला. 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' मधील फिलियस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी मुंबईला उतरतो, आणि त्याचा नोकर मलबार हिलवरील देवळात बूट घालून शिरतो. ज्या औदाला ते सती जाण्यापासून वाचवतात, ती मुंबईच्या श्रीमंत पारशी व्यापाऱ्याची मुलगी असून बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाची विधवा आहे. पारशी मुलीला बुंदेलखंडच्या चितेवर चढवणाऱ्या लेखकाला इथले समाज किती परिचित होते, हे यावरून समजते. म्हणून नेमोच्या भारतीयत्वाचा अभिमान बाळगताना तो भारताच्या ओळखीतून आलेला नाही, अन्यायाविरुद्धच्या चिडीतून आलेला आहे, हे लक्षात ठेवावे. माझ्या मते त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. पोलंडसाठी घडवलेला राग हिंदुस्थानला चपखल बसला, याचा अर्थ व्हर्नला परकी सत्ता नावाच्या गोष्टीचे मर्म कळले होते.

इथे एक अत्यंत महत्त्वाची सूचना केली पाहिजे. आपल्याकडे व्हर्न बहुधा इंग्रजीतून वाचला गेला, आणि 'रहस्यमय बेट' चा जो जुना इंग्रजी अनुवाद डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावाने १८७५ मध्ये निघाला, त्यात नेमोच्या जीवनकथेतील इंग्रजविरोधी मजकूर सौम्य करून, काही ठिकाणी त्याचा रोख उलटा करून छापलेला आहे. हाच अनुवाद आजही फुकट उपलब्ध असल्यामुळे सर्वाधिक हाती पडतो. तो वाचून व्हर्नच्या राजकीय भूमिकेविषयी कोणी मत बनवू नये.

वेल्सने साम्राज्याचा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) मध्ये त्याने गुलाम देशातील नायक शोधला नाही, साम्राज्याच्या राजधानीलाच गुलाम देशाच्या जागी ठेवले. मंगळावरचे प्राणी लंडनजवळ वोकिंग येथील हॉर्सेल कॉमन या माळावर उतरतात. वेल्स तेव्हा वोकिंगमध्येच राहत होता आणि सायकलवरून हिंडून कादंबरीत नष्ट करायच्या जागा निवडत होता. पहिल्याच प्रकरणात तो वाचकांना टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण देतो. युरोपीय वसाहतवाल्यांनी पन्नास वर्षांत त्यांचा समूळ संहार केला, आणि मंगळवासीयांनी त्याच वृत्तीने आपल्याशी युद्ध केले, तर तक्रार करण्याइतके आपण दयाळू आहोत काय, असे तो विचारतो. पुढे मंगळवासी माणसांचे रक्त आपल्या शरीरात घेतात, त्या किळसवाण्या वर्णनातही तो थांबून म्हणतो की आपल्या मांसाहाराविषयी एखाद्या बुद्धिमान सशाला काय वाटेल याचा विचार करावा. साम्राज्याच्या ऐन वैभवाच्या काळात, त्याच साम्राज्याच्या वाचकांसमोर, हे लिहिण्यासाठी धैर्य लागते. या कल्पनेचे मूळ भाऊ फ्रँक याच्याशी झालेल्या बोलण्यात होते आणि पुस्तक त्यालाच अर्पण केलेले आहे.

परंतु वेल्सलाही यावरून निर्दोष ठरवता येत नाही. 'अँटिसिपेशन्स' (१९०१) या त्याच्या वैचारिक पुस्तकाच्या शेवटी, नव्या कार्यक्षम जगात न बसणाऱ्या काळ्या, तपकिरी आणि पिवळ्या वर्णाच्या लोकांना नाहीसे व्हावे लागेल, असे त्याने थंडपणे लिहिले आहे. टास्मानियाचा संहार आठवणारा आणि हे वाक्य लिहिणारा माणूस एकच होता, आणि दोन पुस्तकांत अवघ्या तीन वर्षांचे अंतर होते. कथाकार वेल्स हा विचारवंत वेल्सपेक्षा मोठा होता, असे मी मानतो. व्हर्नच्या बाबतीतही नेमोचा कर्ता 'वाफेचे घर' च्या कर्त्यापेक्षा मोठा आहे.

प्रश्न : व्हर्न आशावादी आणि वेल्स निराशावादी असे म्हणता येईल का? दहावीतल्या नातवाला कोणाचे कोणते पुस्तक आधी द्यावे?
— निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना व्हर्नच्या हयातीत न छापल्या गेलेल्या त्याच्या एका पुस्तकापासून सुरुवात करावी लागेल. 'विसाव्या शतकातील पॅरिस' ही कादंबरी त्याने १८६३ च्या सुमारास, म्हणजे पहिल्या यशाबरोबरच लिहिली होती. १९६० सालच्या पॅरिसमध्ये यंत्रे, वीज आणि बँका यांची भरभराट आहे. लॅटिन पद्यरचनेचे बक्षीस मिळवणारा तरुण कवी मिशेल तिथे चेष्टेचा विषय होतो, उपाशी फिरतो आणि शेवटी बर्फाने झाकलेल्या दफनभूमीत कोसळतो. एत्झेल यांनी ती नाकारली आणि या भाकितावर आज कोणी विश्वास ठेवणार नाही, असे व्हर्नला कळवले. हस्तलिखित पडून राहिले आणि १९९४ साली प्रथम छापले गेले. म्हणजे उत्साही, मुलांना धाडसाची गोडी लावणारा जो व्हर्न जगाला माहीत झाला, तो काही अंशी त्याच्या प्रकाशकाच्या निवडीचा परिणाम आहे. मराठीतही भा. रा. भागवतांनी व्हर्नला मुलांच्या जवळ आणून फार मोठे काम केले. पण त्यानंतर प्रौढ वाचकांनी व्हर्नकडे पुन्हा वळून पाहिले नाही, याची मला खंत वाटते.

काळी बाजू नंतरही वर येत राहिली. 'बेगमचे पन्नास कोटी' (१८७९) मध्ये एका भारतीय बेगमेच्या वारशाचे दोन वाटे होतात. डॉक्टर साराझें आपल्या वाट्यातून आरोग्यनगर वसवतो आणि शुल्त्से हा जर्मन प्राध्यापक तोफांचा पोलादी कारखाना उभारतो. त्या नगरावर सोडण्यासाठी तो द्रवरूप कार्बन डायऑक्साइडने भरलेले गोळे बनवतो आणि त्यातलाच एक गोळा फुटून स्वतः गोठून मरतो. १८८६ च्या मार्चमध्ये पुतण्याने झाडलेल्या गोळीने व्हर्न कायमचा अधू झाला आणि त्याच महिन्यात एत्झेलही वारले. त्याच वर्षी आलेल्या कादंबरीतील रोबूर मानवजात अजून माझ्या शोधाला पात्र नाही, असे म्हणून निघून जातो. १९०४ च्या 'जगाचा स्वामी' मध्ये तोच रोबूर उन्मत्त होऊन परततो आणि विजेच्या तडाख्यात नष्ट होतो.

वेल्सचा प्रवास काळोखाकडून उजेडाकडे आणि पुन्हा काळोखाकडे झाला. मानवजातीच्या अस्ताच्या कथा लिहून झाल्यावर त्याने जागतिक राज्याचे आराखडे मांडण्यात अनेक वर्षे घालवली. 'द वर्ल्ड सेट फ्री' (१९१४) मध्ये त्याने अणुबाँब हा शब्द वापरून दिवसेंदिवस फुटत राहणारे बाँब कल्पिले, आणि त्यातून शहाणे झालेले जगही रंगवले. भौतिकशास्त्रज्ञ लिओ सिलार्ड यांनी ही कादंबरी १९३२ साली वाचली, आणि पुढच्याच वर्षी त्यांना अणूतील साखळी-अभिक्रियेची कल्पना सुचली. वेल्स १३ ऑगस्ट १९४६ रोजी वारला, म्हणजे हिरोशिमाची बातमी त्याने ऐकली होती. त्याच्या १९४५ सालच्या शेवटच्या पुस्तकात मानवजातीविषयी आशेचा अंशही उरलेला नाही. तेव्हा आशावादी आणि निराशावादी ही बिरुदे या दोघांना आयुष्यभरासाठी चिकटवता येत नाहीत.

नातवासाठी : 'समुद्राखाली वीस हजार लीग' आधी आणि 'रहस्यमय बेट' त्यानंतर द्यावे, कारण क्रम उलटला तर नेमोचे रहस्य वाया जाते. मराठी संक्षिप्त आवृत्तीने सुरुवात करण्यास हरकत नाही, मात्र इंग्रजीतून द्यायचे असल्यास गेल्या काही दशकांत झालेला संपूर्ण अनुवाद शोधावा. लुईस मर्सिअर यांच्या जुन्या इंग्रजी अनुवादात मोठा भाग गाळलेला आहे आणि आकडे व परिमाणेही चुकलेली आहेत, म्हणजे व्हर्नचे जे खास तेच त्यात बिघडलेले आहे. वेल्सची भाषा दहावीच्या मुलाला थोडी जड जाईल, पण 'द टाइम मशीन' लहान आहे आणि दोन-तीन संध्याकाळींत संपते. ती आपण दोघांनी मिळून वाचावी. कालप्रवासी तीन कोटी वर्षांपुढच्या समुद्रकिनाऱ्यावर पोचतो, सूर्य लालसर होऊन आकाशात स्थिर झालेला असतो आणि जीवसृष्टी जवळजवळ संपलेली असते, त्या भागात मुलाला भूगोल आणि खगोल दोन्ही विषयांचे प्रश्न पडतील. आपण शिक्षक आहात, त्यामुळे त्या प्रश्नांसाठी तिथे थोडे अधिक थांबण्याची सवड ठेवावी.